मागच्या मिनिटाचे महाराज

कुवेतच्या खैतान भागातल्या त्या इमारतीची लिफ्ट शुक्रवारी दुपारी हमखास बंद पडायची, कारण चार माणसांच्या लिफ्टमध्ये नऊ माणसं चढायची. सगळ्यांना तिसराच मजला हवा असे. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग साचे आणि इमारतीचा राखणदार शिव्या घालत तो झाडूने एका कडेला लोटून जिना मोकळा करी. आत एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. सुतार, वेल्डर, एसी दुरुस्त करणारे, पाच-सहा बायका, एखादा टायवाला. मधोमध टीपॉयवर एक लॅपटॉप. पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. वर बावन्न, खाली अठ्ठेचाळीस.

नावं कुणालाच वाचता येत नव्हती. त्यामुळे एकाला ‘वरचा’ आणि दुसऱ्याला ‘खालचा’ म्हणायचं ठरलं होतं.

समोर दिवाणावर दत्तप्रसाद महाराज. अंगावर भगवी शाल, पाठीमागे जाड पडदा ओढलेली खिडकी, त्या पडद्यावर देवीची तसबीर. उजव्या हाताशी एक टेपरेकॉर्डर, त्यावर हळू आवाजात आरती चाललेली. लोक मात्र आरती ऐकत नव्हते, वाट बघत होते. कुणी गुडघा हलवत होतं, कुणी बोटं मोडत होतं, कुणी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होतं.

आणि मग आरतीच्या मध्येच टेपमधून आवाज आला. टर्र, टिक-टिक, टिक-टिक, टर्र.

“नाद,” कुणीतरी कुजबुजलं, आणि चाळीस डोकी एकदम खाली झुकली.

महाराजांच्या अंगाला कंप सुटला. डोळे मिटलेलेच. दोन क्षणांनी ते घुमत्या आवाजात म्हणाले, “वरचा चढणार.”

सगळ्यांच्या माना पडद्याकडे. बावन्न. बावन्नच. एक मिनिट गेलं. दुसरं मिनिट सरत आलं आणि बावन्नचे अठ्ठावन्न झाले, मग एकसष्ट. हॉलभर एक लांब सुस्कारा पसरला. माझ्या शेजारच्या सुताराने डोळे पुसले.

लॅपटॉप सांभाळणारा आदित्य हा पुण्याचा इंजिनिअर, पेट्रोकेमिकलमध्ये नोकरीला. दर शुक्रवारी रुमैथियाहून गाडी काढून तो इथे यायचा. मी नवखी दिसले म्हणून त्याने मला सगळं समजावून दिलं. हा एक बाजार आहे, म्हणाला, इंटरनेटवरचा. इथे भाजी विकत नाहीत, निकाल विकतात. ‘वरचा जिंकेल’ अशी एक चिठ्ठी समजा. तो जिंकला तर चिठ्ठीचे शंभर मिळणार, हरला तर शून्य. मॅच चालू असताना जगभरचे लोक ती चिठ्ठी एकमेकांना विकत राहतात. ती बावन्नला विकली जात असेल, तर त्याचा अर्थ लोकांना शंभरात बावन्न वेळा वरचा जिंकेल असं वाटतंय. खेळ फिरला की भाव फिरतो.

खेळ होता टेनिस. पण टीव्हीवर दिसतं ते टेनिस नव्हे. हे खेळाडू जगात सहाशेव्या, आठशेव्या क्रमांकाचे, आपली बॅग आपणच उचलणारे, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुणारे. २००६ च्या त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा छोट्या स्पर्धा लागोपाठ कुवेतमधल्याच एका क्लबच्या कोर्टवर भरल्या होत्या.

टेनिसच का, याचं उत्तर महाराजांकडे तयार होतं. “आई म्हणते, क्रिकेटात माणसाचा हात असतो. ह्या पोरांना कुत्रं ओळखत नाही. ह्यांच्यात फक्त माझा हात.” लोकांना हे फार पटलेलं. एवढ्याशा खेळात लबाडी करायला कोण येणार?

आदित्यने वही उघडून दाखवली. सेहेचाळीस भाकितं, चव्वेचाळीस खरी. दोनदा चुकलं तेव्हा महाराज म्हणाले होते की हॉलमध्ये कुणीतरी सुरमई खाऊन आलं आहे. कोकणातली माणसं ती, शुक्रवारी सुरमई न खाल्लेलं कोण सापडणार? सगळ्यांनी खाली बघितलं होतं.

“बाई, हा डेटा आहे,” आदित्य म्हणाला. हात जोडूनच म्हणाला.

मी तिथे दर्शनाला गेले नव्हते. इराकी आक्रमणाचा काळ सोडला तर पंचवीस वर्षं मी कुवेतमधल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि शुक्रवारी सकाळी माझ्या घरी मराठी मुलांचा वर्ग भरायचा. त्या वर्गातली दहा वर्षांची ओवी. तिचे वडील शत्रुघ्न, राजापूरकडचे, एसीच्या कंपनीत फोरमन. आई नर्मदा घरी शिवणकाम करायची. नर्मदानेच मला त्या हॉलमध्ये नेलं होतं, आणि का नेलं ते आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात, नळ सोडून, हलक्या आवाजात सांगितलं होतं.

तिच्या छातीत गाठ होती. सुपारीएवढी. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, “अशा शंभर गाठींतल्या ऐंशी साध्या निघतात. वीस निघत नाहीत. तुमची कुठली, ते काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.” ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली होती. पण महाराज म्हणाले, गाठ शंभर टक्के साधी आहे, चाकू लावायचा नाही, एकवीस दिवस अंगारा लावा, विरघळेल. शत्रुघ्नाने तिला नेलं नाही. आता दुसरी तारीख मिळाली होती, पुढच्या शनिवारची, सकाळी आठची. ही चुकली तर पुढची तीन महिन्यांनी.

मी शत्रुघ्नाशी बोलून बघितलं. भला माणूस. बायकोवर जीव टाकणारा, म्हणूनच घाबरलेला.

“बाई, डाक्टरीण ऐंशी म्हणते,” तो म्हणाला. “महाराज शंभर म्हणतात. तुम्ही शाळेत शिकवता. तुम्हीच सांगा, मोठं काय?”

“त्यांना कळतं कशावरून?”

“तुम्ही स्वतः बघितलंत की काल. भाव आधी चढला, का महाराज आधी बोलले?”

महाराज आधी बोलले होते. ते मी नाकारू शकत नव्हते.

त्या आठवड्यात मला कशातच चैन पडेना. वर्गात खडू हातात घेऊन मी फळ्यासमोर नुसती उभी राहायची. जादूगार टोपीतून ससा काढतो तेव्हा टोपी तपासायची असते, हे मी मुलांना शिकवलेलं. इथे टोपी कुठली, तेच सापडत नव्हतं. लॅपटॉप आदित्यचा, आणि आदित्य प्रामाणिक. आकडे जगभरच्या लोकांचे. महाराज पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते.

सोमवारी ओवी गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली. शत्रुघ्न कामावरून येताना तिला घेऊन जायचा. टेबलावर रेडिओ हळू लावलेला, शेजारी माझा मोबाइल. मी चहा गाळत होते. रेडिओतून आवाज आला, टर्र, टिक-टिक, टिक-टिक. ओवी वहीतून मान वर न करता म्हणाली, “टीचर, तुमचा फोन वाजणार.”

आणि फोन वाजला. एकदाच वाजून बंद झाला. शत्रुघ्नाचा मिस कॉल, एक रिंग, म्हणजे मी खाली उभा आहे, ओवीला पाठवा.

हे इथल्या प्रत्येक घरात चाललेलं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून खुबूसच्या रोट्या आणायच्या आहेत का. फोन उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. बॅचलर खोल्यांतली माणसं तर गावाकडे बायकोशीही अशीच बोलायची, ठरलेल्या वेळी एक रिंग, की तिने समजायचं, बरा आहे.

मी चहाची गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले. “तुला आधी कसं कळलं गं?”

“इट ऑलवेज डझ दॅट,” ती म्हणाली. “घरी पण. आधी रेडिओ टर्र करतो, मग फोन.” आणि पेन्सिल थांबली. “टीचर, महाराजांच्या टेपला पण होतं.”

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मुलाने अर्धी वाट स्वतः चालून आल्यावर उरलेली त्याला उचलून न्यायची नसते.

“मग तिथे काय वाजत असेल?”

“पण त्यांच्याकडे फोन नाही. बाबा म्हणतात, त्यांनी फोन सोडलाय. व्रत आहे.”

“बाबांना हे कुणी सांगितलं?”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “महाराजांनी,” ती म्हणाली.

खाली शत्रुघ्न हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून त्याला पाच मिनिटं थांब अशी खूण केली. त्या पाच मिनिटांत ओवीने माझा फोन रेडिओपासून वीतभर, हातभर आणि मग दारापर्यंत नेला आणि प्रत्येक वेळी मी घरच्या फोनवरून त्यावर कॉल लावला. वीतभरावर रेडिओ जोरात टरटरला, हातभरावर जेमतेम, दाराशी मुळीच नाही. तिने वहीत लिहिलं: फोन टेपच्या जवळ आहे. माणसांत नाही. दिवाणावर आहे.

आता कॉल कोण करतं ते शोधायचं होतं. गुरुवारी शाळेला सुट्टी. मी ओवीला घेऊन टॅक्सीने त्या क्लबवर गेले. प्रेक्षक अकरा, त्यातले दोन झोपलेले. धावफलक नव्हता. खेळाडू बाजू बदलायचे तेव्हा पंचाकडची चिठ्ठी ऑफिसात जाई आणि तिथला एक कारकून दोन बोटांनी ती कॉम्प्युटरवर टाइप करी. मधूनच तो चहाचा घोट घेई. जगभरचा तो बाजार त्या चहाच्या घोटासाठी थांबलेला असे, आणि कुणाला पत्ता नसे.

कोर्टच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर एक माणूस बसला होता. ओवीने माझा हात दाबला. “प्रताप अंकल. महाराजांच्या रूमवर राहतात.”

प्रताप पाणी पुरवणाऱ्या कंपनीत होता, क्लबला रोज क्रेट पोचवायचा. त्याचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. आम्ही मागच्या बाकावर बसून त्याच्या उजव्या खिशाकडे बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग सर्व्हिस करणारा एक खेळाडू स्वतःचाच गेम हरला. प्रतापचा हात खिशात गेला, फोन बाहेर, एक बटण, थोडा वेळ, पुन्हा बटण, फोन खिशात.

दीड तासात असं पाच वेळा झालं. ओवीच्या वहीत पाच ओळी होत्या. “एव्हरी गेमला नाही,” ती म्हणाली. “फक्त सर्व्हिसवाला हरला की. आणि कधी छोटा कॉल, कधी मोठा.”

सर्व्हिसवाला हरणं हीच या खेळातली मोठी घटना. भाव तेव्हाच उडी मारतो. छोटा कॉल म्हणजे वरचा, मोठा म्हणजे खालचा.

परत येताना ओवीला घरी सोडलं तेव्हा मी नर्मदाला सगळं सांगितलं. शिवण बाजूला ठेवून तिने ऐकलं. मग म्हणाली, “ह्यांना सांगून नाही पटायचं, बाई. दाखवायला पाहिजे.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “खरं सांगू? मलापण तेच ऐकायचं असतं. कापायचं नाही, असं कुणी म्हटलं की रात्री झोप लागते.”

दाखवायचं तर महाराजांच्या फोनचा नंबर हवा. तो शोधून काढला ओवीने. बापाच्या फोनवर साप-साप खेळताना तिने सगळी नावं वाचलेली. दोन वर्षांपूर्वी, संचार व्हायच्या आधी, दत्तप्रसाद एका कँटीनच्या गोदामात स्टोअरकीपर होते. शत्रुघ्नाच्या फोनमध्ये ते अजून होते, ‘दत्तू स्टोअर’ या नावाने.

शुक्रवार उजाडला तो धुळीचा. दुपारपर्यंत आभाळ विटकरी झालं. रस्त्यावरच्या गाड्या दिवे लावून चालल्या होत्या, दातांखाली वाळू करकरत होती. तरी हॉल भरला. बाहेरच्या वाऱ्याने खिडकी थरथरत होती आणि महाराजांच्या मागचा पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत होता.

शत्रुघ्न पहिल्या रांगेत होता, शेजारी नर्मदा, डोकं खाली घातलेली. त्याने सगळ्यांसमोर हात जोडून विचारलं, की उद्या सकाळी आठची तारीख आहे, न्यावं की न न्यावं, आईने कौल द्यावा.

महाराजांनी मान डोलावली. “आज आई पुढचा शब्द बोलेल. तो खरा ठरला, तर समज, गाठीबद्दलचा शब्दही खरा. चाकू नाही.”

नर्मदाच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत आवळलं गेलेलं मी बघितलं. उद्याचा सगळा दिवस आता टेपमधल्या एका खरखरीवर येऊन ठेपला होता.

पडद्यावर वर पंचावन्न, खाली पंचेचाळीस. आकडे हलत नव्हते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. आरती संपली, कॅसेट उलटली गेली, पुन्हा आरती. आदित्य सारखं एक बटण दाबून पान ताजं करत होता. महाराज मधूनच एक डोळा किलकिला करत. ते कसली वाट बघत होते ते हॉलमध्ये आम्हा तिघींनाच ठाऊक होतं.

ओवी माझ्याजवळ बसली होती. माझी पर्स तिच्या मांडीवर, तिचा हात पर्समधल्या माझ्या फोनवर. मी मानेनेच हो म्हटलं.

टर्र, टिक-टिक, टिक-टिक, टर्र.

डोकी झुकली. महाराजांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. कंप, घुमणं, आणि, “वरचा चढणार.”

पंचावन्न. एक मिनिट. पंचावन्न. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कुणीतरी खोकलं. शत्रुघ्न गुडघ्यांवर पुढे सरकून पडद्यावर डोळे लावून बसला होता.

पुन्हा टर्र, टिक-टिक. या वेळी ओवीने दोन रिंग जाऊ दिल्या.

“खालचा,” महाराज म्हणाले. आवाज जरा घाईचा. “आई फिरली. खालचा चढणार.”

पंचेचाळीस. पंचेचाळीसच.

“कुणीतरी सुरमई,” महाराजांनी सुरुवात केली, तेवढ्यात टेप पुन्हा टरटरला, आणि टरटरतच राहिला. ओवीने चार रिंग दिल्या होत्या. चार रिंगचा अर्थ ठरलेलाच नव्हता. महाराजांनी दोन्ही डोळे उघडले. अंगाचा कंप चालूच होता, पण तोंडातून शब्द फुटेना. चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

ओवीने वर्गात करते तसा हात वर केला. “टीचर, सांगू?”

“सांग.”

“अंकल,” ती महाराजांना म्हणाली, “ते तीनही मिस कॉल माझे होते.”

कुणाला काही समजलं नाही. मी उठले आणि खिडकीजवळच्या सुताराला पडदा बाजूला करायला सांगितलं. तो घुटमळला, तसबीर होती ना. मग त्याने ती अलगद उतरवून ठेवली आणि पडदा ओढला. बाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. सगळं विटकरी. मी एवढंच विचारलं, की अशा धुळीत कोर्टवर कोण टेनिस खेळत असेल, आणि खेळ बंद असेल तर वरचा काय नि खालचा काय, चढणार कशाने?

तेवढ्यात दार उघडलं. प्रताप आत आला, भुवयांपर्यंत धुळीने माखलेला. इतकी माणसं आपल्याकडेच बघताहेत हे पाहून दारातच थांबला.

“मॅच?” शत्रुघ्नाने विचारलं.

“बंद आहे,” प्रताप म्हणाला. “केव्हाची.”

महाराज म्हणाले, ही पोर देवीची चेष्टा करते आहे, आपल्याकडे फोन नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. काही माणसांनी माना डोलावल्या. मी काही बोलणार होते, पण शत्रुघ्नाने हात वर करून मला थांबवलं. ओवीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. त्याने स्वतःचा फोन काढला. अंगठ्याने नावं खाली सरकवत, सावकाश, एक नाव शोधलं. मग हात लांब करून टेप बंद केला आणि बटण दाबलं.

हॉलमध्ये वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. मग दिवाणाच्या लाकडावर, शालीखालून, घुर्र घुर्र ऐकू येऊ लागलं. शत्रुघ्नाने कॉल कापला नाही. घुर्र घुर्र चालूच राहिलं. महाराजांचा कंपही त्याच तालात चालला होता, आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं.

“दत्तू,” शत्रुघ्न म्हणाला, “उचल रे फोन.”

दत्तप्रसादांनी कमरेला करदोट्यात बांधलेला फोन सोडवून टीपॉयवर ठेवला. तो तिथेही थोडा थरथरत सरकला आणि लॅपटॉपला लागून थांबला.

दोन-तीन तरणीबांड पोरं उठली होती. मी त्यांना बसवलं. मारहाण झाली असती, पोलीस आले असते, तर राहण्याच्या परवान्यासकट, इकाम्यासकट, सगळेच गोत्यात आले असते. शिवाय मला ते नको होतं. मला दत्तप्रसादांनी स्वतः सांगायला हवं होतं, आणि त्यांनी सांगितलं. प्रतापने गंमत म्हणून सुरुवात केली होती, एक रिंग, दोन रिंग. टेपची खरखर ही तर त्यांनी योजलेलीच नव्हती. पहिल्या दिवशी कॉल आला तेव्हा टेप टरटरला आणि ते दचकले. कुणीतरी हात जोडून म्हणालं, नाद. “तुम्हीच म्हणालात,” ते हॉलकडे बघून म्हणाले. “मी फक्त हो म्हटलं.” त्यानंतर टेप त्यांनी हाताशीच ठेवला.

मिस कॉलवर ज्यांचं घर चालतं, अशी ती सगळी माणसं. दिवसातून दहा वेळा एक रिंग, दोन रिंग करणारी. पण तीच गोष्ट शालीखालून आली तेव्हा एकालाही ओळखू आली नाही. मलाही नाही. ओळखू आली ती वहीतून मान वर न करणाऱ्या पोरीला, कारण तिला कुणी अजून हात जोडायला शिकवलं नव्हतं.

आदित्य लॅपटॉप मिटून बसला होता. “बाई, पण चव्वेचाळीस खरी होती,” तो म्हणाला. “डेटा खोटा नव्हता.”

“नव्हता,” मी म्हटलं. “तू मोजलंस, किती वेळा खरं ठरतं. हे कळतं कुठून, ते कुणीच विचारलं नाही. त्यांना पुढचं मिनिट दिसत नव्हतं, आदित्य. आपल्यापर्यंत न पोचलेलं मागचं मिनिट त्यांना कळत होतं. कोर्टशेजारी प्रताप बसला होता म्हणून.”

मग मी शत्रुघ्नाकडे वळले. “केवळ आज कौल चुकला म्हणून नर्मदाला घेऊन जाऊ नकोस. उद्या कुणी दुसरा कौल बरोबर आणून दाखवेल. एवढंच बघ, की टेनिसचं कळायला तिथे माणूस बसवावा लागला. तिच्या गाठीशेजारी कोणता प्रताप बसला आहे, मिस कॉल द्यायला?”

शत्रुघ्न नर्मदाकडे वळला. “किती वाजता निघायचं गो?” त्याने विचारलं.

“साडेसहाला,” ती म्हणाली. “धूळ असेल तर सहाला.”

धूळ होती. ते सहाला निघाले. साडेसातला माझा फोन एकदा वाजून बंद झाला. पोचले होते.

रिपोर्ट अकरा दिवसांनी आला. गाठ साधी होती.

मी ही गोष्ट इथेच संपवली असती, पण खरी गंमत पुढे झाली. बातमी पसरली तशी त्या हॉलमधली तीन-चार माणसं नर्मदाकडे आली, पेढे घेऊन. म्हणाली, बघा, फोनचं काही असो, महाराज बोलले ते खरंच होतं ना? साधीच निघाली ना? उगाच कापून घेतलंत. मला हे कळलं तेव्हा सगळा तो शुक्रवार वाया गेल्यासारखा वाटला.

पुढच्या शुक्रवारी ओवीने वर्गात हात वर केला. “टीचर, मग महाराज बरोबर होते?”

मी फळ्याशी गेले, मग परत आले. मी तिला म्हटलं, माझ्या मुठीत खडू आहे की नाही, सांग. ती म्हणाली, आहे. मी मूठ उघडली. खडू होता. “तुला माहीत होतं?”

“नाही. गेस केलं.”

“मग तू बरोबर होतीस का?”

ती माझ्या मुठीतल्या खडूकडे बघत म्हणाली, “आईने त्या पेढेवाल्या अंकलना पण हेच सांगितलं.”

नर्मदाने काय सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. पेढ्यांचा पुडा परत त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली होती, “दत्तू शंभर म्हणाला, पण त्याने बघितलंच नव्हतं. डाक्टरीण ऐंशी म्हणाली आणि मग बघितलं. मी आता झोपते ती बघितल्यामुळे झोपते.”

माझ्या पंचवीस वर्षांच्या शिकवण्यात मला हे इतकं सरळ मांडता आलं नव्हतं. म्हणून तिचंच बोलणं पुढे करते. कुणी ठामपणे शंभर म्हणालं, मग तो शालीतला असो की टायमधला, त्याच्या आवाजावर जाऊ नका, त्याच्या चव्वेचाळीस खऱ्या भाकितांवरही जाऊ नका. शांतपणे विचारा, तुम्ही बघितलंत कुठे, कशाने, आणि आम्हालाही दाखवाल का? ज्याने खरंच बघितलं आहे तो हा प्रश्न ऐकून रागावत नाही. आणि आपल्या आयुष्यातली एखादी गाठ तपासायची वेळ आली, तर ऐंशी म्हणणाऱ्या माणसाकडे जा. उरलेले वीस त्याने तुमच्यापासून लपवलेले नसतात.